भूक ओळखणारी माणसं

पावसाळा आला की नंदुरबारचा एक व्हिडिओ आपल्या फोनवर फिरतो. लांब बांबूला चादरीची झोळी बांधलेली, तिच्यात एक पोटुशी बाई, दोन्ही टोकांना खांदे देणारे चार जण आणि गुडघाभर पाण्याचा ओढा. कुठल्याशा चॅनेलने त्याला ‘बांबूलन्स’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द चिकटला. आपण हळहळतो, फॉरवर्ड करतो, पुढच्या रीलवर जातो.

सरकारी नोकरीत असलेल्या कुणालाही विचारून बघा, धडगाव किंवा अक्कलकुव्याची बदली म्हणजे काय. बहुतेकांच्या तोंडात एकच शब्द येईल, शिक्षा. साहेबाचं मन मोडलं की माणूस सातपुड्यात जातो. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातल्या शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी आहेत. म्हणजे त्यांचं घर हीच इतरांची शिक्षा. याच्याइतकी नेमकी व्याख्या मला ‘समाजाच्या काठावरची माणसं’ या शब्दांची सापडलेली नाही.

मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, रस्ते नव्हते, हिवताप घरोघरी होता, तेव्हा इथे कुणी आपणहून का यावं? आणि तेही थेट स्वीडनहून, किंवा शिकागोहून?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे आहेत. एक म्हणतं, देवदूत होते. दुसरं म्हणतं, बाटवायला आले होते. दोन्हींत ती माणसं कुठून आली याची चौकशी नाही. ती केली तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

खानदेशात आलेली ‘अलायन्स’ नावाची मिशनं ब्रिटिशांची नव्हती. त्यांतल्या एका मिशनचा जन्म १८९० मध्ये अमेरिकेत झाला. नाव स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन. पुढे १९४९ मध्ये ते बदलून ‘द इव्हॅंजेलिकल अलायन्स मिशन’, थोडक्यात ‘टीम’, असं झालं. संस्थापक फ्रेडरिक फ्रान्सन, जन्म १८५२, स्वीडन. हा मुलगा सतरा वर्षांचा असताना त्याच्या घरच्यांनी गाशा गुंडाळला आणि ते अमेरिकेत नेब्रास्काच्या माळावर शेती करायला गेले. साल १८६९.

हे साल महत्त्वाचं आहे. १८६७ ते १८६९ या काळात स्वीडनमध्ये दुष्काळ पडला होता. एका वर्षी वसंत ऋतू आलाच नाही, बर्फ वितळेना. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. लोकांनी पिठात झाडाची साल आणि दगडफूल मिसळून भाकरी केल्या. आज आपण ज्या देशाचं नाव फर्निचर आणि नोबेलसाठी घेतो, तिथली ही गोष्ट आहे. १८५० ते १९३० या काळात बारा-तेरा लाख स्वीडिश माणसं देश सोडून गेली. १८६०च्या दशकात त्या देशाची सगळी लोकसंख्याच बेचाळीस लाखांच्या आसपास होती. सर्वांत जास्त माणसं गेली ती स्मोलॅंडसारख्या दगडाळ प्रांतांतून. आणि खानदेशात काम केलेलं दुसरं अलायन्स मिशन, स्वीडिश, त्याचं मुख्य ठिकाण यॉनशॉपिंग, म्हणजे याच स्मोलॅंडमध्ये.

आणखी एक गोष्ट. या लोकांना स्वतःच्या देशात धर्मासाठी दंड भरावे लागले होते. स्वीडनमध्ये १७२६ चा एक कायदा होता. पाद्र्याशिवाय चार शेजारी घरात जमून बायबल वाचू लागले तर तो गुन्हा. तो कायदा १८५८ मध्ये उठला. तोवर शेतमजूर, मोलकरणी, चांभार अशी माणसं चोरून एकत्र जमत. त्यांना कुचेष्टेने ‘वाचणारे’ म्हणत. गावातला पाटील-पाद्री एका बाजूला आणि ही ‘वाचणारी’ माणसं दुसऱ्या बाजूला. अशा घरांतून या चळवळीचे प्रचारक निघाले. त्यांत बायका पुष्कळ होत्या. बायकांनी प्रवचन करावं की नाही यावर युरोपात वाद चालू असताना फ्रान्सनने त्यांच्या बाजूने एक पुस्तिकाच लिहिली होती.

म्हणजे नवापूर-नंदुरबारकडे आलेली ही मंडळी गोरी होती, पण साहेब नव्हती. ज्यांच्या आईबापांनी उपास काढले होते, त्यांची ही पोरं. राणीचं राज्य त्यांचं नव्हतं आणि त्यांची इंग्रजीही कामापुरतीच असणार. अर्थात गोऱ्या कातडीचा फायदा त्यांना मिळाला. कलेक्टरच्या बंगल्यावर त्यांना खुर्ची मिळे, ती भिल्लाला मिळत नसे. हा फरक पुसता येत नाही.

इकडे त्यांना काय दिसलं असेल?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा भिल्ल हा शब्द सरकारी कागदावर ‘लुटारू’ या अर्थाने येत होता. त्याआधी पेशवाईत त्यांच्याशी कसं वागलं गेलं हे गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. १८०४ मध्ये पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावला दगाफटका करून मारलं आणि विहिरींत टाकलं. इंग्रजांनी दुसरी युक्ती काढली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. लुटणाऱ्याला पगार द्या, तो राखण करील. युक्ती चालली. पण पलटणीत किती जण जाणार? बाकीच्यांच्या वाट्याला १८७८ चा जंगल कायदा आला. काल जे रान आपलं होतं, तिथून मोह वेचला तर आज चोरी. तापीकाठची काळी जमीन सावकाराच्या वहीतून हळूहळू दुसऱ्यांच्या नावावर गेली आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला.

त्यावर १८९९-१९०० चा दुष्काळ. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजरात-राजस्थानात आजही त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. खानदेश त्या पट्ट्यातच. सरकारने दुष्काळी कामं काढली, खडी फोडा आणि मजुरी घ्या. डोंगरातला भिल्ल तिथे जायला बिचकत असे. गाव सोडून, शिपायाच्या नजरेखाली, गर्दीत. त्या छावण्यांत पटकीही होती. त्यापेक्षा रानात कंद खणणं बरं, असं त्याने ठरवलं आणि रानातले कंदही संपले.

या दुष्काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक विलक्षण गोष्ट घडली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांना हाक दिली आणि मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज धान्याने भरून मुंबईकडे निघालं. आत होता मका. अमेरिकेच्या मध्य भागातल्या शेतकऱ्यांनी दिलेला, त्याच नेब्रास्का-कॅन्ससच्या माळांवरचा. त्यातला किती कुठे पोचला याचा हिशोब मी मांडत नाही. पण उपाशी घरातून पळालेल्या माणसांनी तीस वर्षांत पिकवलेलं धान्य दुसऱ्या उपाशी मुलखाकडे निघालं, हा प्रवास मला फार बोलका वाटतो.

असंच आपल्याकडे एका बाईने केलं होतं. पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देशभर हिंडल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमध्ये फुलहॅमला जोगिणींनी चालवलेलं एक घर पाहिलं. ज्यांना समाज ‘बिघडलेल्या’ म्हणतो अशा बायकांचं घर. अशा बाईशी कुणी मायेने बोलू शकतं हे आपण पहिल्यांदाच पाहिलं, असं त्यांनी पुढे आत्मकथनात सांगितलं. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणखी. केडगावच्या मुक्ती सदनात तेव्हा दोन हजारांच्या जवळपास माणसं राहत होती. आंधळ्या बायकांसाठी वेगळं घर, म्हाताऱ्यांसाठी वेगळं आणि ‘कृपा सदन’ फुलहॅमच्या आठवणीने, ज्यांना कुणीच घेत नाही त्यांच्यासाठी.

रमाबाईंचं कौतुक करायला आज सगळे तयार असतात. त्यांच्या हयातीत पुण्यात चित्र उलटं होतं. १८९३ मध्ये शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. आरोप एकच होता: ही दया नाही, गळ आहे.

तो आरोप झटकून टाकता येणार नाही. दुष्काळात उचललेल्या सात वर्षांच्या पोरीला कुठला धर्म हवा हे कोण विचारणार? तिच्यापुढे एकच ताट होतं. त्या ताटाशेजारी जी प्रार्थना म्हटली गेली, ती तिची झाली. गांधीजींनीही १९३०च्या दशकात मिशनऱ्यांना पुन्हा पुन्हा हेच सुनावलं: दवाखाना चालवा, शाळा चालवा, पण औषधाच्या बाटलीला धर्माचं लेबल लावू नका. मला त्यांचं म्हणणं पटतं.

पण या आरोपाचं एक दुसरं टोक आहे, ते मात्र पटत नाही. ‘पोटासाठी बाटले’ असं आपण सहज म्हणतो. त्यात गृहीत असं की गरिबाला पोट असतं, डोकं नसतं. नवापूर भागातला मावची किंवा कोकणी शेतकरी तीन-चार पर्याय तोलत होता: वाघदेव आणि डोंगऱ्यादेव सोडायचे का, मोहाची दारू सोडायची का, लग्नात ढोल वाजवायचा की नाही, सोयरीक तुटली तर काय. हे सगळे प्रश्न पोटाच्या पलीकडचे आहेत. काहींनी नवा धर्म घेतला, पुष्कळांनी नाही घेतला आणि दोघेही एकाच दवाखान्यात जात राहिले.

त्या काळात सुधारणेचा दुसरा रस्ताही याच जिल्ह्यातून गेला होता आणि तो पूर्ण घरचा होता. १९३८ मध्ये तळोद्याजवळ रंजनपूरला गुलाम महाराज नावाच्या भिल्ल माणसाने आरती सुरू केली. दारू सोडा, आंघोळ करा, भांडू नका, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ‘आप’! ज्यांना सगळं जग ‘ए’ म्हणून हाक मारतं त्यांना एकमेकांना आदराने बोलवायला सांगणं. डोंगरातून माणसांचे लोंढे आले. त्याच वर्षी महाराज वारले, भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. मोठी गर्दी, दारूच्या ठेक्याचं बुडालेलं उत्पन्न, ताठ मानेने चालणारे भिल्ल, एवढं पाहिल्यावर सरकारने निर्बंध घातले. मिशन आणि आरती एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, पण दोघांनी धरलेली नस एकच होती. मान.

आता चिंचपाड्याकडे येऊ.

सुरत-भुसावळ लाइनवर, नवापूर तालुक्यात, चिंचपाडा नावाचं छोटं स्टेशन आहे. ही तापी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली. या भागात मिशनची ठाणी कुठे उभी राहिली ते या लाइनचा नकाशा पाहिला की बरंचसं समजतं. १९४२ मध्ये चिंचपाड्याला टीम मिशनचा एक लहान दवाखाना सुरू झाला. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती हातात तिरंगा घेऊन गोळ्यांना सामोरे गेले. नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे आणि असायलाच हवं. दवाखान्याच्या इतिहासाला मात्र चौक मिळत नाही. तिथे रोज काय घडलं? अडलेली बाळंतपणं, क्षय, हगवण, साप, अस्वलाने फाडलेला चेहरा. यातल्या कशाचीही तारीख लक्षात राहत नाही.

सापाचंच घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार जातींच्या विषावर एकच लस चालते. ती मुंबईच्या हाफकिन संस्थेतही बनते. पण ती वेळेवर मिळायला हवी, आणि ती टोचताना रोग्याचं अंग सुजू लागलं तर ओळखणारा माणूस शेजारी हवा. मण्यार चावली तर फुप्फुसं थांबतात, मग तासन्‌तास कुणीतरी श्वास पुरवावा लागतो. भगताकडे जाणारा आदिवासी अडाणी, असं शहरातला माणूस म्हणतो. भगत पाड्यावर असतो, रात्रीही असतो, हे तो विसरतो. चिंचपाड्यासारख्या दवाखान्याने भगताशी स्पर्धा केली असेल तर ती ज्ञानाच्या आधी हजेरीची होती.

किंवा सिकलसेल. भिल्ल आणि पावरा समाजात साधारण पाचातल्या एकाच्या रक्तात या आजाराचं एक बीज असतं. एकच बीज असेल तर त्रास जवळजवळ नाही, उलट हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणून तर हिवतापाच्या मुलखात ते टिकलं. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन बीजं आली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. असं पोर वारंवार कण्हतं, शाळा बुडते, लोक म्हणतात आळशी आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, नीलगिरीत. म्हणजे दवाखाना सुरू झाला तेव्हा या दुखण्याला इथे नावसुद्धा नव्हतं. पोर कण्हत होतं एवढंच डॉक्टरला दिसत होतं.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं आणि एक एक करून ते परतले. देशभरच्या अशा पोरक्या झालेल्या मिशन दवाखान्यांचं काय करायचं, या प्रश्नातून १९७०च्या सुमारास इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था उभी राहिली. पुढे चिंचपाडाही तिच्याकडे आलं. मला या इतिहासातला सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग हाच वाटतो. गोरा डॉक्टर गेल्यावर दवाखाना बंद पडायला हवा होता. तो चालवला भारतीयांनी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या अनेकांना पदवीनंतर दोन वर्षं मिशनच्या दवाखान्यात काढावी लागतात. त्या करारावर देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला मुलगा किंवा मुलगी अशा गावी येते. मराठी येत नाही, मावची तर नाहीच. पहिले सहा महिने नर्सबाईच दुभाषी. त्या नर्सबाई बहुतेक इथल्याच पाड्यांवरच्या. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

एक तक्रारही नोंदवायला हवी. झारखंडच्या छोटा नागपुरात कॉन्स्टंट लीव्हन्स नावाचा बेल्जियन पाद्री १८८५ नंतर मुंडा-उरांव लोकांच्या जमिनीचे खटले समजून घेत कोर्टाच्या पायऱ्या चढला. त्याच मिशनच्या हॉफमनचा हात १९०८ च्या तिथल्या कूळकायद्यापर्यंत पोचला. खानदेशात असा कुणी लीव्हन्स झाला नाही. इथल्या मिशनने जखम धुतली, शाळा काढल्या, नंदुरबारमधलं एस.ए. मिशन हायस्कूल आजही पिढ्या घडवतंय. पण सावकाराच्या वहीत हात घालायला मिशन धजावलं नाही. ते काम १९७०च्या दशकात शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने केलं. अंबरसिंग भजनं म्हणत गावोगाव फिरायचे आणि मग विचारायचे, तुझी जमीन कुणाच्या नावावर आहे? १९७४ मध्ये, ऐन उमेदीत, ते गेले. जिल्ह्याच्या इतिहासात दवाखाना आणि हा प्रश्न शेजारी शेजारी ठेवले नाहीत तर दोन्ही अर्धे राहतात.

अलीकडे आदिवासी जिल्ह्यांमध्ये ‘डीलिस्टिंग’चे मोर्चे निघतात. मागणी अशी की ज्यांनी धर्म बदलला त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा. कायदा काय आहे ते माहीत असावं. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्धही. अनुसूचित जमातींसाठी अशी अट तेव्हाही नव्हती, आजही नाही, कारण जमात ठरते ती तिच्या भाषेवरून, चालीरीतींवरून, तिच्या एकाकी पडलेल्या मुलखावरून. उद्या ही अट आली तर नवापूरच्या एकाच घरात एक भाऊ यादीत आणि एक बाहेर, असं होईल. दोघांची शेती एकाच बांधाला, दोघांच्या मुलांच्या रक्तात तेच सिकलसेल.

चिंचपाड्यापासून गुजरातची हद्द जवळ आहे. पलीकडे व्यारा. तिथे अमेरिकेच्या ब्रदरन चर्चने काम केलं, इकडे अलायन्सने. मिशनांनी नकाशावर रेघ ओढून मुलूख वाटून घेतले होते. तिकडचे गामीत आणि इकडचे मावची एकच, पण एका बाजूला बायबल गुजरातीतून आलं आणि दुसऱ्या बाजूला मराठीतून. लग्नाला एकमेकांकडे गेले की प्रार्थना दोन भाषांत होते. जेवताना सगळे मावचीत बोलतात.